स्वतःला न आवडणारे संगीत प्रकाशित करताना: स्वतंत्र रेकॉर्ड लेबलमधील नोकरी आणि वैयक्तिक आवड

अर्धमात्रा (प्रश्न)

मी एका लहान स्वतंत्र रेकॉर्ड लेबलमध्ये काम करते. मालक धरून मोजकीच माणसे असल्यामुळे कामाची वाटणी फक्त कागदावर आहे. प्रकाशनाचे वेळापत्रक आखणे, प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि श्रेयनामावली तपासून वितरकाकडे पाठवणे, प्रेस नोट लिहिणे, स्ट्रीमिंग सेवांच्या संपादकांपर्यंत गाणे वेळेत पोहोचवणे आणि विनाइल (तबकडी) निघणार असेल तर कारखान्याशी पत्रव्यवहार करणे, ही सगळी कामे फिरून फिरून माझ्याकडेच येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण आहे ती प्रत्यक्ष संगीताची.

मला संथ, लांबलचक, बहुतेक वेळा शब्दांविना वाजवलेले संगीत आवडते. या लेबलने पूर्वी तसे संगीत बरेच प्रकाशित केले होते आणि त्या जुन्या सूचीच्या प्रेमापोटीच मी इथे अर्ज केला. अलीकडे मात्र आमचा रोख गिटारच्या कर्कश संगीताकडे आणि नाचासाठीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळला आहे. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. त्यातले कसब मला कळते, पण कामाची वेळ संपल्यावर मी ते आपणहून कधी लावत नाही. तरीही वाचणाऱ्याने हातातले काम टाकून ते ऐकावे अशा थाटाची प्रेस नोट माझ्याच हातून लिहिली जाते आणि लिहून झाल्यावर ती पुन्हा वाचताना मला अवघडल्यासारखे होते.

दुसरी गोष्ट अशी की, जे संगीत मला मनापासून आवडते, तेही आता पूर्वीसारखे ऐकता येत नाही. एखादी जुनी ध्वनिमुद्रिका लावली की मास्टरिंगमध्ये, म्हणजे प्रकाशनापूर्वीच्या शेवटच्या ध्वनिसंस्कारात, आवाज किती दाबला आहे, दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा इतका लांब का ठेवला, असले विचार आधी येतात.

आता मालकांनी मला नव्या कलाकारांच्या निवडीच्या बैठकीत बसायला सांगितले आहे. तिथे मी माझ्या आवडीने बोलायचे, की लेबलच्या आवडीचा अंदाज बांधून बोलायचे? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया अनुभवाने सांगावे. निवड करताना ‘मला आवडले’ या वाक्याला कितपत वजन असावे?

---

दुसरीबाजू

स्वतंत्र लेबलांचा इतिहास पाहिला तर तुमचा प्रश्न जवळपास प्रत्येक लेबलला कधी ना कधी पडलेला दिसतो, मात्र त्याची उत्तरे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

एका टोकाला एकाच माणसाच्या कानावर उभी राहिलेली लेबले आहेत. म्युनिकमध्ये १९६९ साली सुरू झालेले ईसीएम हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मानफ्रेड आयशर यांनी बहुतेक ध्वनिमुद्रणांचे निर्माते म्हणून स्वतः काम केले आणि त्यामुळे वादक बदलले तरी ध्वनीतला मोकळेपणा आणि शांतता ओळखू यावी अशी त्या लेबलची मुद्रा तयार झाली. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्याने मालकाची आवड शिकून घ्यायची असते, कारण तिथे आवड हाच माल असतो. सिॲटलच्या सब पॉपने तर १९८८ मध्ये वर्गणी घेऊन दरमहा एक सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) घरपोच पाठवण्याची योजना काढली. पुढच्या महिन्यात काय येणार हे वर्गणीदाराला ठाऊक नसे, म्हणजे त्याने पैसे भरले ते लेबलच्या निवडीवर विसंबून.

दुसऱ्या टोकाला मोटाउन. आज ते नाव एखाद्या साम्राज्यासारखे वाटत असले तरी १९५९ मध्ये डेट्रॉइटला सुरू झालेले ते एक स्वतंत्र लेबलच होते. बेरी गॉर्डी यांनी तिथे दर आठवड्याला बैठक घेऊन मतदानाने गाणी निवडण्याची पद्धत घातली. खिशात शेवटचा डॉलर उरला असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच, असा प्रश्न त्या बैठकीत विचारला जाई. मला हा प्रश्न फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो तुमच्या अभिरुचीची चौकशी करत नाही, गाण्याची ओढ किती आहे ते विचारतो. तरीही ही पद्धत निर्दोष नव्हती. गायक मार्विन गे यांचे १९७१ मधील ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणे गॉर्डींना पसंत नव्हते आणि ते बाहेर आले तेव्हा धडाक्याने खपले.

पण तुमच्या दृष्टीने मला सर्वांत उपयोगाची वाटते ती ब्लू नोट या जॅझ लेबलची गोष्ट. आल्फ्रेड लायन जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेले होते आणि १९३९ मध्ये त्यांनी हे लेबल काढले ते बूगी-वूगी या जोरकस ठेक्याच्या पियानोशैलीच्या वेडापायी. पहिली ध्वनिमुद्रणे अल्बर्ट ॲमन्स आणि मीड लक्स लुइस या पियानोवादकांची होती. चाळीसच्या दशकात जॅझ बदलले, बीबॉप ही नवी, गुंतागुंतीची शैली आली आणि लायन यांचा कान त्या नव्या वाटेवर आपोआप गेला नाही. त्यांना तिकडे नेले ते त्यांच्याच लेबलवर वाजवणाऱ्या आइक क्वेबेक या सॅक्सोफोनवादकाने. पियानोवादक थेलोनियस मंक यांचे नाव लायन यांच्यापर्यंत पोहोचवण्यात क्वेबेक यांचा हात होता. १९४७ मध्ये मंक यांचे ध्वनिमुद्रण झाले, रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत आणि लायन तरीही त्यांना पुन्हा पुन्हा स्टुडिओत बोलावत राहिले. ज्या माणसाच्या आवडीचे आज आपण गोडवे गातो, त्याची आवड अशी दुसऱ्याच्या कानाने वाढलेली होती. तुमच्या मालकांनी तुम्हाला बैठकीत बोलावले आहे ते कदाचित याच कारणासाठी असेल. त्यांच्यासारखेच ऐकणारा आणखी एक माणूस त्यांना कशाला हवा असेल?

---

खाचखळगे

मी निर्मितीच्या बाजूला आहे, म्हणजे मास्टर फाइल हातात आल्यापासून रेकॉर्डचे खोके गोदामात उतरेपर्यंतचे सगळे. वरचा प्रतिसाद वाचायला छान आहे, पण त्यात केवळ मालकांच्या गोष्टी आहेत. नोकरी करणाऱ्याचे काय?

माझे म्हणणे थोडे रुक्ष वाटेल. मला न आवडणाऱ्या संगीताचे काम मी अधिक चांगले करतो. टेस्ट प्रेसिंगचेच, म्हणजे सगळ्या प्रती काढण्यापूर्वीच्या चाचणी प्रतींचेच पाहा. कारखान्याकडून चार-पाच प्रती येतात, त्या दोन्ही बाजूंनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकाव्या लागतात. तिसऱ्या गाण्यात ‘खट्’ असा आवाज आला, तर दुसऱ्या प्रतीत त्याच जागी तो येतो का हे पाहायचे. सगळ्या प्रतींत तो त्याच जागी असेल तर दोष साच्यात किंवा त्याच्याही आधी मूळ कापणीत आहे आणि काम थांबवावे लागते. एकाच प्रतीत असेल तर ती प्रत तेवढी खराब निघाली, पुढे जायला हरकत नाही. नंतर बाजूच्या शेवटाकडे नीट कान द्यायचा, कारण तबकडीचा वेग तोच राहतो, पण आतल्या वर्तुळात सुईखालून जाणारी खाच आखूड होत जाते आणि गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ तिथे फाटायला लागतात. एका बाजूला साधारण वीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत कोंबले असेल, तर खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळीही खाली येते. आता संगीत माझ्या आवडीचे असले की काय होते? मी गाण्यात रमतो आणि ती ‘खट्’ माझ्या कानावरून निघून जाते. मन ती जागा परस्पर भरून काढते. नावडत्या संगीतात तसे होत नाही, तिथे मी पहारेकऱ्यासारखा बसलेला असतो.

प्रेस नोटचे अवघडलेपण मला समजते, पण त्यात खोटेपणा शिरतो तो विशेषणांच्या दारातून. ‘विलक्षण’, ‘थरारक’, ‘मंत्रमुग्ध करणारे’ ही विशेषणे काढून टाका आणि त्या जागी काय घडते ते लिहा. गिटार दोन आहेत, त्यांतली एक जाणूनबुजून थोडी बेसूर जुळवली आहे, ढोल एका खोलीत एकाच मायक्रोफोनवर मुद्रित केले आहेत, चौथ्या गाण्यात शब्द अर्ध्यावर थांबतात आणि पुन्हा सुरू होत नाहीत. हे सगळे खरे असते, ते लिहायला तुम्हाला ते संगीत आवडण्याची गरज पडत नाही आणि समीक्षकालाही विशेषणांपेक्षा त्याचाच उपयोग होतो. नीट ऐकल्याशिवाय मात्र अशी नोट लिहिता येत नाही, आणि खरा कंटाळा आपल्याला त्या ऐकण्याचाच असतो, असा माझा संशय आहे.

राहिली मालकांची आवड. मला वाटते की कर्मचाऱ्याने तिच्याशी स्पर्धा करू नये. पैसे त्यांचे बुडणार असतात.

---

अर्धमात्रा

दोघांचेही आभार. विशेषणांची सूचना मी लगेच अमलात आणणार आहे. मात्र निवडीच्या बैठकीबद्दल अजून नीटसे उमगलेले नाही. समजा, समोर एखाद्या कलाकाराने पाठवलेला डेमो (नमुन्याचे ध्वनिमुद्रण) आहे, तो चांगला आहे हे मला कळते, तो मला आवडत नाही आणि आमचे वर्षभराचे वेळापत्रक आधीच भरत आले आहे. उलट प्रकारही होतो. मला फार आवडलेला एखादा वादक ऐकणारे लोक मुळातच थोडे असतात. अशा वेळी ‘चांगले’ आणि ‘आवडते’ यांत निवड कशी करायची?

---

हिशेबनीस

मी काही काळ एका लेबलचे करार आणि रॉयल्टीचे हिशेब पाहिले आहेत, त्या बाजूने लिहितो.

लहान लेबल वर्षाला थोडीच प्रकाशने करू शकते आणि त्यातले प्रत्येक दुसऱ्या कुणाची तरी जागा घेते. तेव्हा बैठकीतला खरा प्रश्न ‘हे चांगले आहे का’ असा नसतो, कारण येणाऱ्या डेमोंमध्ये चांगले बरेच असते. प्रश्न असतो तो टिकण्याचा. करार झाल्यापासून ध्वनिमुद्रण, मास्टरिंग, मुखपृष्ठ, कारखान्यातली रांग आणि मग प्रत्यक्ष प्रकाशन यांत बराच काळ जातो. त्यानंतरही दौरे, परीक्षणे आणि जाहिरातीत किंवा चित्रपटात गाणे वापरण्याचे परवाने असे काम चालूच राहते. पहिल्या आठवड्याचे आकडे निराशाजनक आले तरी या रेकॉर्डसाठी आणखी एका वितरकाला, आणखी एका संपादकाला आपण उत्साहाने पत्र लिहू का, एवढे स्वतःला विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर ती आवड पुरेशी आहे, मग ते संगीत तुम्ही घरी लावत असा वा नसा. उत्तर नकारार्थी असेल तर कितीही ‘चांगल्या’ डेमोला हो म्हणू नये. तुमच्याकडे अडकून पडण्यापेक्षा त्याच्यासाठी झटणारे दुसरे लेबल त्या कलाकाराला मिळालेले बरे.

आता पैशांचे. अनेक स्वतंत्र लेबले खर्च वजा जाता नफा कलाकाराबरोबर निम्मा निम्मा वाटून घेतात. खर्च आधी लेबल करते आणि तो वसूल होईपर्यंत दोघांच्याही हाती काही लागत नाही. त्यामुळे केवळ आवडीपायी अवास्तव खर्च केला तर त्याची झळ ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्या कलाकारालाच बसते, हे प्रेमात पडलेल्या लेबलवाल्यांच्या लक्षात येत नाही. तुमच्या त्या थोड्या श्रोत्यांच्या वादकासाठी ‘नाही’ म्हणण्याची गरजच नसते. प्रती कमी काढा, विनाइलऐवजी आधी डिजिटल प्रकाशन करा, म्हणजे अपेक्षा आणि खर्च एकमेकांना धरून राहतील. लंडनचे म्यूट हे लेबल डॅनियल मिलर यांनी १९७८ मध्ये स्वतःच्याच एका सिंगलसाठी काढले. पुढे डेपेश मोड आणि इरेझर या बँडच्या खपामुळे त्यांना फारसे न खपणारे, प्रयोगशील संगीतही प्रकाशित करत राहता आले. खपणारे आणि आवडणारे एकाच सूचीत नांदू शकतात, पण कोणते कोणाच्या जिवावर उभे आहे हे मालकाला माहीत असावे लागते.

ज्यांना ते माहीत नसते त्यांचे उदाहरण म्हणून फॅक्टरीचे नाव घेतले जाते. मँचेस्टरचे हे लेबल १९७८ मध्ये सुरू झाले. ध्वनिमुद्रणाची मालकी कलाकारांची, नफा निम्मा निम्मा आणि लेखी करार शक्यतो नाहीच, असा त्यांचा बाणा होता. आवडीचे म्हणाल तर त्यांची मुखपृष्ठे आजही संग्रहालयात शोभतील. १९९२ मध्ये मात्र लेबल बुडाले. ते विकत घेण्याची बोलणी सुरू होती, पण सूचीतल्या सर्वांत मौल्यवान संगीतावर लेबलचा हक्कच नसल्याचे उघड झाले आणि विकण्याजोगे फारसे काही उरले नाही. कलाकारांच्या बाजूने पाहिले तर मला यात काही वावगे वाटत नाही, उलट बरेच वाटते. नोकरी करणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर एके सकाळी त्यांचे दार बंद झाले.

जाता जाता आणखी एक. निवडीला आवडीशिवाय दुसरा निकषही असू शकतो. वॉशिंग्टन डी.सी.चे डिस्कॉर्ड हे लेबल १९८० पासून आपल्याच शहरातल्या बँडचे संगीत प्रकाशित करत आले आहे. दुसऱ्या गावच्या कितीही सरस बँडचा डेमो आला तरी उत्तर ठरलेले. तुमच्या लेबलचा असा काही निकष आहे का, हे बैठकीपूर्वी मालकांना विचारून घ्या. पुष्कळ वाद तिथेच मिटतात.

---

मंद्र

घरी ऐकण्याबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून थोडेसे.

मास्टरिंग ऐकू येण्याची सवय जात नाही. माझी तरी गेलेली नाही. तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही, पण तिला काम नसलेल्या ठिकाणी जाता येते. मी घरी मुख्यतः अशा गोष्टी ऐकतो ज्यांचा माझ्या कामाशी संबंध जोडताच येत नाही. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत संपणारे गाणे, खरखरीसकट. त्यात दाबलेला आवाज शोधायला गेले तर हसूच येते. दुसरे म्हणजे प्रत्यक्ष मैफल, जिथे फाइल नसते आणि प्रकाशनाचा शुक्रवारही नसतो. (जगभरात नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित करण्याची प्रथा २०१५ च्या जुलैत सुरू झाली आणि तेव्हापासून या व्यवसायातल्या माणसांचे गुरुवार कसे जातात ते मी सांगायला नको.)

खाचखळगे यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. नावडत्या संगीताचे काम अधिक चांगले होते, हे टेस्ट प्रेसिंगपुरते खरे असेल. गाण्यांचा क्रम लावताना मात्र ते उलटते. कलाकाराने दहा गाणी हातात दिली आणि क्रमाबद्दल सल्ला विचारला, तर ज्याला त्या संगीताची मुळीच ओढ नाही तो जोरकस गाणी पुढे आणि संथ गाणी मागे अशी सरधोपट रचना सुचवतो. आतल्या वर्तुळात संथ गाणे ठेवणे विनाइलच्या दृष्टीने सोयीचेही असते, त्यामुळे त्याला आपले बरोबरच आहे असे वाटते. दुसऱ्या गाण्यानंतर श्रोत्याला थोडा श्वास हवा आहे, हे ज्याने ते संगीत आपणहून अनेकदा ऐकले आहे त्यालाच जाणवते.

---

अर्धमात्रा

क्रमाबद्दल तुम्ही लिहिलेत ते अगदी पटले, आमच्याकडे तसे होताना मी पाहिले आहे. हिशेबनीस यांनी सांगितलेला प्रश्न मी बैठकीत स्वतःला विचारून पाहीन. एकच शंका उरते. आमचे मालक डेमो लावतात आणि तो संपण्यापूर्वीच त्यांचा चेहरा किंवा एखादा उद्गार सगळे सांगून जातो. त्यानंतर वेगळे मत मांडणे म्हणजे वाद ओढवून घेणे होते. ते स्वभावाने मोकळे आहेत, पण उत्साही आहेत. अशा ठिकाणी नव्याने आलेल्या व्यक्तीने काय करावे?

---

दुसरीबाजू

हे स्वभावाचे कमी आणि पद्धतीचे जास्त आहे, म्हणून पद्धतच बदलायला सुचवा. डेमो बैठकीत पहिल्यांदा वाजवू नयेत. आदल्या आठवड्यात सर्वांना फाइली पाठवाव्यात, प्रत्येकाने आपापल्या सोयीने निदान दोनदा ऐकावे आणि बैठकीपूर्वी दोन-तीन ओळींचे मत लिहून एकाच ठिकाणी जमा करावे. त्या ओळींत ‘आवडले’ की ‘नाही’ हे जरूर असावे, मात्र त्यासोबत या रेकॉर्डसाठी आपण स्वतः काय करू शकतो हेही असावे, म्हणजे कुणाला पत्र लिहू, कोणत्या श्रोत्यांपर्यंत नेऊ, किती प्रती सुचवू. बैठकीत आधी ही मते वाचावीत आणि मालकांनी आपले मत सर्वांत शेवटी सांगावे. निर्णय शेवटी त्यांचाच राहील, त्यात बदल करायला जाऊ नका.

डेमो पाठवणाऱ्याला नकार कळवण्याचे काम तुमच्याकडे आले, तर त्या पत्रात आवडीचा उल्लेख टाळा. ‘आमच्या यंदाच्या वेळापत्रकात याला न्याय देता येणार नाही’ असे लिहावे, आणि ते खरे असेल तेव्हाच लिहावे. ज्याच्याकडून पुढचा डेमो खरोखर ऐकायची इच्छा आहे त्याला तसे वेगळे, एका स्पष्ट ओळीत कळवावे. ती ओळ सगळ्यांना पाठवायची नसते.